बाबांनी गाडी सोडली, आता नागपुरात त्यांनी फिरायचं कसं?

शेवंती | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. हा धागा बरेच दिवस मनात होता, आज लिहितेच.

माझे बाबा ७७ वर्षांचे. खामल्यात स्वतःच्या घरी एकटे राहतात. आई जाऊन तीन वर्षं झाली आणि मी नोकरीसाठी पुण्यात. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या काचबिंदूची पुन्हा तपासणी झाली. समोरचं चांगलं दिसतं, पेपर वाचतात, पण डाव्या बाजूची नजर बरीच गेली आहे. डॉक्टर म्हणाले, स्कूटर बंद. लायसन्सची मुदत अजून दोन वर्षं आहे. बाबांनी घरी येऊन गाडी पुसली, कव्हर घातलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. "पुण्याला घेऊन जा. इथे राहिली तर मी काढीन," एवढंच बोलले.

तेव्हापासून कोपऱ्यावरचा किराणा सोडला तर ते फक्त तीनदा घराबाहेर पडले आहेत. आधी त्यांचा आठवडा भरलेला असायचा. गुरुवारी झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय, संध्याकाळी कार्यक्रम असला तर तोही. चतुर्थीला टेकडीचा गणपती. महालात त्यांचे शाळेपासूनचे मित्र आहेत, त्यांना अर्धांगवायू झालाय, ते बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून बाबा दर शनिवारी त्यांच्याकडे जायचे. शिवाय दर तीन महिन्यांनी धंतोलीत डोळ्यांचे डॉक्टर.

ऑटोचे पैसे मी देते म्हटलं. पण एकट्या माणसासाठी ऑटो करणं त्यांना उधळपट्टी वाटते, आणि मग ते जातच नाहीत. फोन केला की "घरीच आहे" हे एकच उत्तर.

नकाशे मी पाहिलेत. गाडी न चालवता नागपुरात रोज फिरणाऱ्यांनी, किंवा घरात असं कोणी असलेल्यांनी सांगावं, खरोखर काय जमतं?

अजनीकर | रविवार, रात्री १०.२५

शेवंती बेटा, मी ७१ वर्षांचा. रस्ते-इमारतींच्या कामात नोकरी झाली, गुडघ्यांमुळे चार वर्षांपूर्वी गाडी सोडली. माझं उत्तर मेट्रो.

तुमच्या वर्धा रोडवरून ऑरेंज लाइन जाते. खामल्याहून जयप्रकाश नगर स्टेशन बरं पडेल. धंतोलीच्या डॉक्टरांसाठी चौथ्या स्टेशनला, काँग्रेस नगरला उतरायचं. गाडी बदलायची नाही. साहित्य संघासाठी त्याच्या पुढच्या सीताबर्डीला उतरून लोकमान्य नगरकडे जाणारी ॲक्वा लाइन पकडायची, लगेच पुढचं स्टेशन झाशी राणी चौक. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी एवढंच सुरू झालं होतं तेव्हा आम्ही हौसेनं बसून आलो होतो. कामठी रोड आणि सेंट्रल ॲव्हेन्यूचे तुकडे ११ डिसेंबर २०२२ ला जोडले गेले, तेव्हापासून ती खरी उपयोगाची झाली.

वयस्क माणसासाठी मेट्रोत तीन गोष्टी मोलाच्या आहेत. स्टेशनला लिफ्ट आहे. फलाट आणि डब्याचा तळ एका पातळीत असल्यामुळे पाय उचलून चढावं लागत नाही. आणि दुपारच्या वेळी गर्दी नसते, बसायला मिळतं. नवतप्यात बाहेर ४५-४६ अंश असताना आत थंडगार असतं, हेही सांगून ठेवतो.

अडचण आहे ती घरापासून स्टेशनपर्यंतची. खामल्यातून एक-दीड किलोमीटर पडेल, आणि तो एक-दीड किलोमीटर बाकीच्या सगळ्या प्रवासापेक्षा कठीण आहे. त्यावर सवडीनं लिहितो.

नर्मदेहर | सोमवार, सकाळी ७.१०

शेवंतीताई, माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. माझे वडील ७९ व्या वर्षी रस्ता ओलांडताना पडले. मागून आलेल्या मोटारसायकलचा नुसता धक्का लागला, पोरगा थांबलाही नाही. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते अकरा महिने जगले, सगळे अंथरुणावर. म्हणून मी म्हणतो, ७७ वर्षांच्या, एका बाजूनं न दिसणाऱ्या माणसाला एकट्यानं बाहेर पाठवायचा आग्रह काहून?

कामं घरी करता येतात. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जावं लागत नाही, जीवन प्रमाण २०१४ पासून आहे आणि आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतं. पोस्टमन घरी येऊनही करून देतो. सत्तरीच्या पुढच्या खातेदारांना घरपोच बँकसेवा द्या असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. औषधं घरी येतात, रक्त तपासणारा घरी येतो. डॉक्टरकडे जायचं तेव्हा ओळखीचा ऑटो करा. जीव महत्त्वाचा.

सीमा_नंदनवन | सोमवार, सकाळी ११.०५

नर्मदेहर भाऊ, तुमच्या वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं. तुमची भीती खोटी नाही. आणि घरपोच सेवांची माहिती चांगली दिलीत, ती माझ्या आईसाठी मी आजच वापरते.

पण शेवंतीनं लिहिलेली यादी पुन्हा वाचा. ग्रंथालय, गणपती, आजारी मित्र. यातलं घरपोच काय येणार? मित्राला भेटण्याचं काम पोस्टमन करू शकत नाही.

मी ५८ वर्षांची, शाळेत शिक्षिका होते. गाडी शिकलेच नाही. लग्नाआधी घरात एकच सायकल होती, ती भावाची. नंतर वेळ गेली. माझ्यासारख्या बायका नागपुरात प्रत्येक गल्लीत आहेत आणि गाडी चालवता न येणारे म्हणजे फक्त म्हातारे असं नसतं. सोळा वर्षांची मुलगी, फिट येणारा माणूस, ज्याच्याकडे गाडी घ्यायला पैसे नाहीत तो, आम्ही सगळे एकाच थांब्यावर उभे असतो. तीस वर्षं मी बसनं शाळेत गेले.

म्हणून शहर बसबद्दल अनुभवाचं लिहिते. सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकाहून निघणारी गाडी तिथूनच पकडावी, मधल्या थांब्यावरून नाही. मोरभवनला गाडी उभी असते, सावकाश चढता येतं, जागा निवडता येते. मधल्या थांब्यावर गाडी धड थांबतेच असं नाही. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी एका बसमध्ये चढत होते, एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर, आणि गाडी निघाली. दांडा हातात होता म्हणून वाचले. त्या दिवसापासून एक नियम केलाय. हात वर करून ड्रायव्हरच्या नजरेला नजर मिळाल्याशिवाय मी पाय ठेवत नाही. मोठ्यानं "भाऊ, चढून राहिली, थांबा" असं म्हणायला लाजू नये. बहुतेक ड्रायव्हर भले असतात, त्यांना फक्त दिसलेलं नसतं.

पायरी पाहून गाडी घ्या. खालच्या तळाची बस असेल तर तळ जमिनीपासून ४०० मिलिमीटरवर असतो, म्हणजे एकच बेताची पायरी. जुन्या पद्धतीच्या उंच बसमध्ये तळ ९०० मिलिमीटरवर, त्याला दोन-तीन पायऱ्या आणि पहिलीच उंच. माझी आई उंच बसमध्ये चढूच शकत नाही, म्हणून आम्ही एखादी गाडी सोडून देतो आणि पुढची घेतो. वीस मिनिटं गेली तर गेली.

पांढरीकाठी | सोमवार, रात्री ८.३०

मी दृष्टिहीन आहे. अक्षरं बोलून दाखवणाऱ्या फोनवर हा धागा ऐकला. बँकेत नोकरी करतो आणि इंदोऱ्याहून रोज एकटा येतो-जातो.

शेवंतीताई, काचबिंदूबद्दल एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. त्यात आधी कडेची नजर जाते, मधली राहते. बाबा पेपर वाचतात म्हणून त्यांना दिसतं असं सगळ्यांना वाटतं. पण पायाखालची पायरी, डावीकडून येणारी मोटारसायकल, फुटपाथची उतरती कड हे सगळं कडेच्या नजरेचं काम आहे. अंधारात आणखी त्रास होतो, आणि उन्हातून एकदम सावलीत शिरलं की काही क्षण काहीच कळत नाही. स्टेशनच्या जिन्याशी नेमकं हेच होतं. दारात थांबून दहा आकडे मोजायचे आणि मग पुढे जायचं, हे त्यांना शिकवा.

मेट्रो स्टेशनवर पिवळ्या उंचवट्याच्या फरश्या आहेत, लोक त्यांना सजावट समजतात. लांब रेघा असतील तर सरळ चालत राहा, गोल टिपके आले की थांबा, पुढे जिना, वळण किंवा फलाटाची कड आहे. थोडं दिसणाऱ्यालाही त्यांचा उपयोग होतो, कारण पिवळा रंग ठळक असतो.

आता मुख्य सांगतो. रस्ता सांगून येत नसतो, तो शरीराला शिकवावा लागतो. आम्हाला संस्थेत असं शिकवलं होतं: पहिल्या फेरीला शिकवणारा सोबत, कोपर धरून. दुसऱ्या फेरीला तो चार पावलं मागे, काही बोलत नाही, चूक होऊ देतो, धोका होऊ देत नाही. तिसऱ्या फेरीला तो मुक्कामाच्या ठिकाणी जाऊन थांबतो आणि तुम्ही एकटे येता. एकाच रस्त्याच्या तीन फेऱ्या. तो रस्ता मनात पक्का झाला की मगच दुसरा रस्ता. तुम्ही नागपूरला याल तेव्हा हे करा. चार ठिकाणं एकदम शिकवू नका.

आणि हो, कोपर त्यांनी तुमचं धरायचं, तुम्ही त्यांचं नाही. आपण त्यांचा हात धरून ओढतो तेव्हा त्यांना पुढे काय आहे ते कळत नाही. त्यांनी आपलं कोपर धरलं की आपलं शरीर वर-खाली झालेलं त्यांना आधी कळतं.

सीमा_नंदनवन | सोमवार, रात्री ८.५२

पांढरीकाठी दादा, हे वाचून मी आत्ता आईबरोबर घरातल्या घरात करून पाहिलं. खरंच फरक आहे. इतकी वर्षं तिला ओढतच होते मी.

काटोलनाका | मंगळवार, सकाळी ६.२०

शेवंती ताई, मी ऑटोवाला. पोरगी हा धागा वाचून दाखवत होती, मंग म्हटलं आपनही लिहू. ती टाइप करून राहिली.

तुमच्या बाबाले सांगा, रोज नवा ऑटो पकडू नका. घराजवळच्या चौकात जे ऑटोवाले उभे राह्यतात त्याईतला एक पक्का करा. महिन्याचं बोलून घ्या. माह्याकडं असे तीन जण आहेत. एक काकाजी आहेत, त्याईले आठवड्यातून तीनदा डायलिसिसले नेतो. एक आजी आहे, तिले सकाळी पोद्दारेश्वर राम मंदिरात. घरून स्टेशनपर्यंत नेऊन सोडायचं एवढंच काम असन तरी कोनीही खुशीनं करते, कारन रोजचं बांधलेलं भाडं आम्हाले बी पाह्यजे. भाव आधीच बोलून घ्या, येताना नाही.

एक गोष्ट अजून. बाबाले ऑटोत डाव्या बाजूनंच उतरवायचं, रस्त्याच्या बाजूनं नाही. तुम्ही सांगितलं त्याईले डावीकडचं दिसत नाही, म्हनून उतरताना ऑटोवाल्यानं खाली उतरून उभं राह्यलं पाह्यजे. हे पक्क्या मानसाले एकदा सांगितलं की ध्यानात राह्यते. रोज बदलनाऱ्याले कोन सांगन.

शेअर ऑटोत म्हाताऱ्या मानसाले पुढं ड्रायव्हरजवळ बसवत असन कोनी, तर बसू नका. मी ऑटोवाला असून सांगतो.

शेवंती | मंगळवार, सकाळी ८.०५

दादा, तुमचे आणि तुमच्या मुलीचे खूप आभार. "घरून स्टेशनपर्यंत" हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी एकतर सगळा प्रवास ऑटोनं किंवा सगळा चालत असाच विचार करत होते. बाबांनाही पूर्ण ऑटो उधळपट्टी वाटते, पण स्टेशनपर्यंत कदाचित नाही वाटणार.

पांढरीकाठी दादा, तुमचा प्रतिसाद मी कॉपी करून ठेवलाय.

उमरेडची_लेक | मंगळवार, दुपारी १.१५

सासूबाई व्हीलचेअरवर आहेत. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मेट्रो जाते का? मेयो हॉस्पिटलला?

अजनीकर | मंगळवार, दुपारी २.००

मेडिकलच्या दारात नाही जात. अजनी चौक स्टेशनला उतरून ऑटो. मेयोला दोसर वैश्य चौक स्टेशन जवळ आहे, सेंट्रल ॲव्हेन्यूवर. एम्सला जायचं असेल तर ऑरेंज लाइननं मिहानच्या बाजूला जाऊन पुढे वाहन घ्यावं लागेल. व्हीलचेअर डब्यात नेता येते, तिच्यासाठी जागा राखलेली असते. गेटवरच्या माणसाला आधी सांगितलं की रुंद फाटक उघडून देतात.

लालपरी | मंगळवार, रात्री ९.३०

एस.टी.त बत्तीस वर्षं कंडक्टर होतो, आता घरी. शहराबाहेरचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

७५ पूर्ण झालेल्यांना एस.टी.चा प्रवास फुकट आहे, २६ ऑगस्ट २०२२ पासून. अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, वयाची अट नाही. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड दाखवलं तरी चालतं. शेवंती, तुझे बाबा ७७ चे, म्हणजे रामटेक, वर्धा, सेवाग्राम, अमरावती, कुठेही जा, शून्य रुपयांचं तिकीट. तिकीट मात्र घ्यायचंच, शून्याचं असलं तरी. ते मोजूनच शासन महामंडळाला पैसे देतं.

दोन ठिकाणी लोकांचा घोळ होतो आणि कंडक्टरशी वाद होतात. एक, ही सवलत शहरी बसला नाही. दोन, ती राज्याच्या हद्दीपर्यंतच. आपल्या नागपूरहून पांढुर्णा, छिंदवाडा जाणारे खूप. हद्दीच्या पुढचं तिकीट पूर्ण लागतं. आजोबा आधार काढून दाखवतात आणि म्हणतात सरकारनं फुकट केलंय. मी दर वेळी खाली बसून समजावून सांगायचो, कारण त्यांचा अपमान झाला असं त्यांना वाटू नये.

गणेशपेठ स्टँडला मेट्रोनं जायचं तर कॉटन मार्केट स्टेशन त्यातल्या त्यात जवळ. सामान असेल तर तिथून ऑटो करा. सकाळची पहिली-दुसरी गाडी घ्या. डेपोतून सुटणारी गाडी रिकामी असते. आणि सीट घ्यावी दोन चाकांच्या मधली, मागची नाही. आमच्या रस्त्यांवर मागच्या सीटवर मणक्याला फार हिसके बसतात.

अपंगत्वाचा दाखला असेल तर वेगळी सवलत आहे, ती पांढरीकाठी सांगतील.

पांढरीकाठी | मंगळवार, रात्री १०.१०

हो. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढावं. काचबिंदूनं दृष्टिक्षेत्र अरुंद झालं असेल तर तेही अपंगत्वात मोजलं जातं, हे अनेकांना माहीत नसतं. लोकांना वाटतं फक्त पूर्ण अंध. बाबांच्या डॉक्टरांना विचारून पाहा. रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली, पूर्वी ६० वरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वरच्या महिलांना ५० टक्के मिळायची. ती बंद झाली, पण दिव्यांगांची आणि काही आजारांच्या रुग्णांची सवलत चालू आहे. पूर्ण अंधांना स्लीपरला ७५ टक्के, आणि सोबतच्या माणसालाही तेवढीच.

कार्ड काढायचं म्हटलं की घरचे गप्प होतात. माझ्या आईलाही मी कार्ड काढलं तेव्हा रडू आलं होतं. घाई करू नका, पण माहिती ठेवा.

नर्मदेहर | बुधवार, सकाळी ७.४०

सगळे प्रतिसाद वाचले. सीमाताई, तुमचं म्हणणं रात्रभर डोक्यात होतं. माझे वडील पडायच्या आधी रोज संध्याकाळी फुटाळा तलावावर जायचे. त्यांचे चार सोबती होते तिथे. शेवटच्या अकरा महिन्यांत त्यांतला एक जण आला भेटायला, बाकीचे तिघेही गाडी न चालवणारे, आणि आमच्या घराकडे येणारी बस नाही. ते तिघं येऊ शकले असते तर वडिलांचे ते दिवस वेगळे गेले असते. हे मी आधी कधी अशा अंगानं पाहिलं नव्हतं.

भीती अजून आहेच. शेवंतीताई, रस्ता ओलांडायचं काय करणार ते मात्र नीट ठरवा.

अजनीकर | बुधवार, दुपारी १२.३०

त्यावरच लिहिणार होतो.

वर्धा रोड ओलांडायचा तर खालून ओलांडू नका. वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल आणि खाली मूळ रस्ता असा तो दुमजली पूल ३.१४ किलोमीटरचा आहे. खांबांमुळे खालच्या रस्त्यावर समोरून येणारी गाडी उशिरा दिसते. त्याऐवजी मेट्रो स्टेशनचाच पूल म्हणून वापर करायचा. स्टेशनला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दारं आहेत. एका बाजूच्या लिफ्टनं वर, तिकिटाच्या फाटकाच्या अलीकडच्या मोकळ्या भागातून चालत पलीकडे, तिकडच्या लिफ्टनं खाली. मी आणि माझी बायको भाजी आणायला असेच जातो.

सिग्नलवर ओलांडायचं झालं तर लक्षात ठेवा, पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. तरणा माणूस चालतो. माझा वेग मी मोजला, ०.८ भरला. म्हणजे पंधरा मीटरच्या रस्त्याला मला हिशेबापेक्षा सहा-सात सेकंद जास्त लागतात. म्हणून हिरवा दिवा आधीच लागलेला असेल तर निघायचं नाही. तो जाऊ द्यायचा, पुढचा लागला की पहिल्या सेकंदाला निघायचं.

फुटपाथबद्दल बोलायला गेलो तर मला थांबता येत नाही. नोकरीत आयुष्य यातच गेलं. इंडियन रोड्स काँग्रेसचा १०३ क्रमांकाचा दस्तऐवज सांगतो: कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील. माझ्या घराजवळ टेप घेऊन मोजलं. कड एका ठिकाणी २८० भरली. ती चढताना मी झाडाला धरतो. मधेच डीपी, मधेच पाणीपुरीची गाडी, मग फुटपाथच संपतो. म्हाताऱ्यांना कोणी घरात कोंडत नाही, ही कड कोंडते. मेट्रोवर एवढा पैसा खर्च झाला, तो योग्यच झाला, पण जिच्यामुळे माणूस स्टेशनपर्यंत पोचेल ती कड उतरती करायला त्यातल्या पै-पैशाएवढाच खर्च आहे.

आम्ही आमच्या गल्लीतले सहा ज्येष्ठ आहोत. प्रत्येकानं आपल्या दारापासून थांब्यापर्यंतच्या रस्त्याचे फोटो काढले, प्रत्येक अडथळ्याशेजारी टेप धरून, आणि महापालिकेच्या झोन कार्यालयात लेखी दिले. पोच घेतली. दोन ठिकाणी कड उतरती करून मिळाली. चार राहिलीत, पुन्हा देणार आहोत. "रस्ते खराब आहेत" असा अर्ज दिला तर काही होत नाही. अमुक घरासमोर, अमुक खांबाजवळ, कड इतकी मिलिमीटर, असं लिहिलं की कनिष्ठ अभियंत्यालाही काम करता येतं. मी त्या खुर्चीत बसलो आहे म्हणून सांगतो.

बर्डीचा_पोरगा | बुधवार, रात्री ११.१०

शेवंतीताई, पुण्यात बसून तुम्हीच ॲपवरून बाबांसाठी ऑटो किंवा कॅब बोलावू शकता, बसणारा दुसरा माणूस असा पर्याय असतो. गाडी आली की बाबांना फोन करून नंबर आणि चार आकडी ओटीपी सांगायचा. भंडाऱ्याची आजी नागपुरात आली की तिच्यासाठी मी असंच करतो. गाडी कुठे पोचली ते तुम्हाला दिसत राहतं. पक्का ऑटोवाला ज्या दिवशी सुट्टीवर असेल त्या दिवशी कामाला येईल.

शेवंती | अठरा दिवसांनी, रविवार, रात्री १०.१५

मंडळी, आठ दिवसांची रजा काढून नागपूरला येऊन गेले. इथे जे जे लिहिलंत ते करून पाहिलं, म्हणून सविस्तर सांगते.

एकच रस्ता घ्यायचा ठरवलं. घर ते साहित्य संघ. पहिल्या दिवशी बाबा चिडले. "मी या गावात सत्तर वर्षं राहतोय, तू मला रस्ता दाखवणार?" मी म्हटलं, रस्ता तुम्ही दाखवा, मला मेट्रोत बसायचंय, पुण्यात ऑफिसला जाताना वेळच मिळत नाही बघायला. चौकातल्या एका ऑटोवाल्या दादांशी बोलून स्टेशनपर्यंतचं महिन्याचं ठरवून घेतलं. डाव्या बाजूनं उतरवायचं हेही सांगितलं. ते म्हणाले, माझ्या आईलाही तसंच उतरवतो.

बाबांनी माझं कोपर धरलं. पहिल्यांदा तर मी त्यांचाच हात धरला होता, सवय. मग सोडला. लिफ्टच्या आधी, उन्हातून आत शिरल्यावर, दहा आकडे मोजले. बाबांनी मोठ्यानं मोजले आणि शेजारच्या बाई बघायला लागल्या. सीताबर्डीला गाडी बदलायची तिथे आम्ही चुकलो, प्रजापती नगरच्या बाजूच्या फलाटावर उभे राहिलो. पाटी मी वाचली नव्हती, बाबांनी वाचली. "अगं, आपल्याला लोकमान्य नगर." ती चूक झाली ते बरं झालं, त्यानंतर पाट्या तेच वाचायला लागले.

दुसऱ्या फेरीला मी चार पावलं मागे. हे माझ्यासाठी फार अवघड गेलं. झाशी राणी स्टेशनच्या बाहेर एक तुटकी फरशी आहे, ती त्यांना दिसली नाही, अडखळले, कठड्याला धरलं. मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. थोडं थांबले, काठीनं ती फरशी दोनदा टोकली आणि पुढे गेले. (पांढरी नाही, आजोबांची सागवानी काठी. ती त्यांनी स्वतःच माळ्यावरून काढली.)

तिसऱ्या फेरीला, गुरुवारी, मी ग्रंथालयाच्या दाराशी जाऊन थांबले. सव्वाचारला यायचे ते पाच वाजले तरी नाहीत. फोन उचलेनात. मी काय काय विचार केले ते लिहीत नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी आले. वाटेत जुने सहकारी भेटले होते, त्यांच्याबरोबर चहाला थांबले होते. मी रागावले आणि मग रडायला लागले, तिथेच, पायरीवर. बाबा म्हणाले, "स्कूटरवर होतो तेव्हा उशीर झाला तर विचारत नव्हतीस."

नर्मदेहर दादा, रस्ता कुठेच ओलांडावा लागला नाही असं बसवलंय. जाताना ऑटो स्टेशनच्या आपल्या बाजूच्या दाराशी सोडतो, येताना तिथूनच घेतो. संध्याकाळी कार्यक्रमाला उशीर होतो आणि अंधारात त्यांना कमी दिसतं, त्यामुळे अंधार पडल्यावर मेट्रो नाही, सरळ ऑटो घरापर्यंत. हे त्यांनी मान्य केलं. आठवड्यातून एकदाच असतं, म्हणून चालेल म्हणाले.

अजनीकर काका, जयप्रकाश नगर स्टेशनजवळ आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी अशा दोन कडा टेप लावून मोजल्या, फोटो काढले. अर्ज बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलाय, चार पानी. मी म्हटलं एक पान पुरे. ऐकलं नाही.

राहिलं एक. शनिवारचा महाल. मेट्रो महालात जात नाही. सीताबर्डीहून पुढे बस किंवा ऑटो. त्या गल्ल्यांत ऑटोही दारापर्यंत जात नाही, शेवटचं पाचेक मिनिटं गर्दीतून चालावं लागतं. दुसरा रस्ता शिकवायला मला आता दिवाळीपर्यंत रजा नाही, आणि मित्राची तब्येत दिवाळीपर्यंत थांबेल असं बाबांना वाटत नाही.

सीमा_नंदनवन | सोमवार, सकाळी ९.२०

शेवंती, माझी मावशी महालातच राहते, कल्याणेश्वर मंदिराच्या बाजूला. मी दर शनिवारी दुपारी बर्डीहून बसनं तिच्याकडे जाते. बाबांना चालणार असेल तर ते मेट्रोनं सीताबर्डीला येऊ देत, तिथून मोरभवनहून आम्ही सोबत जाऊ. तीन शनिवार. पहिला कोपर धरून, दुसरा मागे, तिसरा मी मावशीच्या ओट्यावर बसून वाट बघेन. आधी तू माझ्याशी फोनवर बोल, बाबांशी माझी ओळख करून दे, मगच ठरवू. नंबर निरोपात पाठवते.

पांढरीकाठी | सोमवार, सकाळी १०.०५

सीमाताई, मोरभवनला पहिल्या दिवशी गाडी सुटायच्या आधी रिकाम्या बसमध्ये त्यांना दोनदा चढ-उतर करू द्या. दांडा कुठे आहे ते हाताला कळलं पाहिजे.

शेवंती | सोमवार, रात्री ९.००

सीमाताई, तुमच्याशी बोलल्यावर लगेच बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "त्या बाई किती वाजता येतात बर्डीला? मी थोडा आधी जाऊन उभा राहीन."